आधी घोडं आणा

घोड्याचे सामान विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न कोणता विचारावा? कोणीही दुकानदार विचारेल, काय हवे? आमच्याकडे तो प्रश्न दुसरा होता. पहिला प्रश्न दादा विचारायचा, हातातल्या कामावरून मान वर न करता: "घोडा कहाँ है?" घोडा घरी असेल तर गिऱ्हाइकानेही घरी जावे आणि त्याला घेऊन यावे. मराठी माणूस असला तर तोच प्रश्न हुकमाच्या रूपात येई: "आधी घोडं आणा, मग सामान बोला."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. काशीतल्या मराठी मंडळींच्या वार्षिक अंकासाठी 'तुमच्या धंद्याबद्दल चार पाने लिहा' अशी मागणी मागच्या दिवाळीलाही झाली होती. तेव्हा दादा होता आणि मला फुरसत नव्हती. आता फुरसतच आहे.

आम्ही जीनगर, म्हणजे घोड्याची जीन बनवणारे. अमृतराव पेशवे काशीत राहायला आले तेव्हा त्यांच्या पागेबरोबर आमचे पूर्वज आले, असे घरात सांगत. कागदोपत्री पुरावा काही नाही. घर राजाघाटाजवळच्या गल्लीत, पण त्या गल्लीत गायच कशीबशी वळते, म्हणून आजोबांनी दुकान नई सड़कवर काढले. समोर घोडा उभा राहील एवढी जागा, ही एकच अट पाहून. हात दादाचे आणि गल्ला माझा, अशी आमची वाटणी होती. मी इतिहासात एम.ए. केले, नोकरी मिळाली नाही, मग गल्ल्यावर बसून वाचत राहिलो. तांगेवाले मला मास्टर म्हणत. त्यात आदर थोडा आणि चेष्टा जास्त.

बाहेरच्या माणसाला हा धंदा सोपा वाटतो. चामड्याचे पट्टे, लगाम, पोटाखालून आवळायचा तंग, दाण्याचा तोबरा, अंग घासायचा खरारा. दोरीवर टांगा आणि विका. पण या धंद्यात विकत घेणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. माणसाला जोडा चावला तर तो काढून फेकतो. घोडा काही बोलत नाही. तो चालत राहतो आणि पट्ट्याखालची कातडी सोलत जाते. म्हणून दादा सामान चढवून घोड्याला कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत दुडक्या चालीने न्यायला लावायचा. परत आला की सामान उतरवायचे आणि पाठ बघायची. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा ठिपका कोरडा राहिला असेल तर तिथे सामान दाबते आहे असे समजावे. तो ठिपका गेल्याशिवाय दादा विक्री करायचा नाही. गिऱ्हाईक म्हणे, चालेल. दादा म्हणे, "तुम्हें चलेगा. चलना उसको है."

आतल्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक सुती दोरी. एका दोरीला एक घोडा. गळा, छाती, पाठ, पोटाचा घेर, असे एकेका मापाला एकेक गाठ, आणि टोकाला त्या घोड्याच्या शेपटीचे चार केस बांधलेले. नावाची चिठ्ठी नसे. केसांच्या रंगावरून दादा ओळखायचा. दर खंडेनवमीला घोडी दुकानापुढे येत, आमच्या आरी-सुयांची पूजा होई, घोड्यांना झेंडूच्या माळा पडत आणि दोऱ्यांच्या गाठी सोडून नव्याने बांधल्या जात. घोडा विकला तर दोरी त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जायची. मेला तर मालक येऊन दोरी उतरवायचा आणि गंगेत सोडायचा. ही रीत कुणी घालून दिली ते माहीत नाही. काशीत अशा गोष्टी विचारत नाहीत.

"घोड्यांची मापं सगळी तोंडपाठ," वहिनी म्हणायची, "माझ्या बांगडीचं माप विचारा बघू यांना!" दादा नुसता हसायचा. त्याला खरेच ते ठाऊक नव्हते.

सत्तार मियाँ नावाचा एक तांगेवाला आमचे जुने गिऱ्हाईक होता. जिभेला हाड नाही आणि मनात पाप नाही, असा. एकदा भर उन्हात तो एकटाच आला.

"का मास्टर साहब, किताबै पढ़बा कि दुकानो देखबा? गळ्याचा पट्टा दाखवा," हे तो अर्धे त्याच्या बोलीत आणि अर्धे आमच्या मराठीची नक्कल करत म्हणाला.

"घोडा कहाँ है?" आतून दादा.

"घोड़ा सुतल हौ. गरमी में ओके का दौड़ाईं? हमार गर्दन नाप ला, दूनो एक्के हौ." घोडा झोपलाय, माझीच मान मोजा, दोघांची एकच, असे त्याचे म्हणणे.

दादा उठला आणि त्याने खरोखरच पट्टा सत्तारच्या गळ्यात घालून वादी आवळली. "चल, पीपल तक जाके आ." सगळी नई सड़क हसली. सत्तार पिंपळापर्यंत जाऊन आला, खिंकाळला, आणि मग घरी जाऊन घोडा घेऊन आला. असे दिवस होते.

त्याच काळात केदारबाबू आले. गालिचे परदेशी पाठवण्याचा त्यांचा मोठा व्यापार, कँटोनमेंटकडे बंगला. मुलगी घोड्यावर बसायला शिकत होती, तिच्यासाठी त्यांनी मारवाडकडची एक घोडी आणली होती. नाव बिजली, रंग तांबूस, कान आत वळलेले. पहिल्याच दिवशी ते घोडी घेऊन आले, त्यामुळे दादा खूश.

"पूरी ज़ीन बना दीजिए, दादा. जैसी आपके पुरखे बनाते थे."

पुरखे शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण दादाच्या तोंडावरचा रंग बदललेला मी पाहिला. आमच्याकडे नुसत्या गादीची खोगिरे शिवत, तांग्यांचे साज दुरुस्त होत, लग्नाच्या घोडीचे जरीचे पट्टे बनत. लाकडी सांगाड्यापासून वरच्या चामड्यापर्यंत अख्खी जीन दादाने वडिलांच्या हाताखाली बनताना पाहिली होती. स्वतः कधी बनवली नव्हती, कारण कोणी मागितलीच नव्हती. जीनगर म्हणून जन्मला आणि पन्नाशी उलटली तरी त्याच्या हातची एकही जीन घोड्याच्या पाठीवर चढली नव्हती. हे तो बोलून दाखवत नसे. त्या दिवशी रात्री जेवताना एवढेच म्हणाला, "आता एक तर चढेल."

माघात घोडीचे पहिले माप घेतले. सांगाड्याला लाकूड निवडण्यात फाल्गुन गेला. जेठात, ऐन उन्हाळ्यात, पुन्हा माप घेऊन दोरीच्या गाठी बदलल्या. चामडे कापले, शिवले. उरली फक्त पाठीवर टेकणारी आतली गादी. तिच्यात लोकर भरून दादाने तीन बाजू शिवल्या आणि चौथी उघडी ठेवली, सुई तिथेच टोचून.

लेखनात निरर्थक मजकूर कोंबला की मराठीत त्याला खोगीरभरती म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला तो कधी घोड्यावर बसला नसावा. जीनेत दिसते ते चामडे, पण घोड्याला लागते ती भरती. आणि ती एकदा माप घेऊन भरता येत नाही. उन्हाळ्यात घोडे उतरते, पाठीची हाडे दिसू लागतात. पावसाळ्यात हिरवा चारा मिळतो, फिरणे कमी होते, पाठ रुंदावते. दोन्ही पाठी पाहून मध्ये कुठे थांबायचे ते ठरवायचे. म्हणून दादाने निरोप दिला होता, "खंडेनवमीला घोडी आणा. तेव्हा चौथी शिवण घालतो, मग जीन घेऊन जा."

केदारबाबूंना ते पटले नाही. त्यांचे मॅनेजर तिवारीजी आषाढात आले. घोडीसाठी झूल मागवायची आहे, माप हवे, म्हणाले. मी दादाकडे पाहिले. "देऊन टाक," दादा म्हणाला. "माप घोड्याचं असतं, दुकानाचं नाही." तिवारीजींनी दोरीला टेप लावून आकडे इंचात लिहून घेतले.

नंतर एकदा केदारबाबूंनी मला ऑफिसात बोलावले. "आप पढ़े-लिखे हैं, आपको मज़ा आएगा." त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता, टेलिफोनच्या तारेवरून तो परदेशाशी जोडला जायचा. त्या काळी ती नवलाची गोष्ट होती. पडद्यावर एका जीनेचे चित्र वरून खाली हळूहळू उतरत होते, पडदा सोडल्यासारखे. खाली चौकोन होते आणि त्यांत आकडे भरलेले होते. मी ते आकडे ओळखले. पाठीची रुंदी विचारली होती आणि तीन पर्याय दिले होते, अरुंद, मध्यम, रुंद. 'अरुंद'वर खूण होती.

"लंदन में साला बैठा है, पैसा वह भर देगा," केदारबाबू म्हणाले. "तीन हफ्ते में घर पर. न दुकान, न धूल, न घोड़ी को बाज़ार ले जाना."

"पण दादा तर..."

"अरे, बनाने दीजिए. दूसरी भी कभी काम आ जाएगी."

मी परत आलो आणि दादाला सांगितले. मला वाटले तो चिडेल. चिडावे अशी माझी इच्छाही होती. तो चामडे घोटत होता, थांबला नाही.

"माप कुठल्या महिन्याचं गेलं?"

"जेठाचं."

"मग पाठ लागणार. तिवारींना निरोप दे, मागवू नका म्हणावं. निदान रुंद मागवा."

मी निरोप दिला. तिवारीजी हसले. "दादा को ऑर्डर जाने का दुख है, समझते हैं हम." आणि एवढे बोलून त्यांनी मला चहा पाजला. तो चहा मी प्यायलो, ही गोष्ट अजून सलते.

खंडेनवमी आली. दुकानापुढे तांग्याची घोडी उभी, झेंडूचा वास, लीद, सत्तार मियाँच्या हातात आमच्या घरचा चहा. दादा एकेक दोरी उतरवून गाठी बांधत होता. तेवढ्यात घोडीची निगा राखणारा मोतद्दार बिजलीला घेऊन आला आणि मागून गाडीतून तिवारीजी उतरले. त्यांच्या हातात ती परदेशी जीन. सुंदर होती, खोटे कशाला बोलू. चामडे लोण्यासारखे.

घोडीच्या अंगावर चादर होती. दादाने ती काढली. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना कातडी गेली होती आणि लाल मांस दिसत होते. माशा बसत होत्या.

"दादा, ज़रा गद्दी ढीली कर दीजिए," तिवारीजी म्हणाले. "माल बाहर का है, एक नंबर."

"माल एक नंबर, घोड़ी दू नंबर," सत्तार म्हणाला. "का तिवारी जी? कम्पूटर से कहा, घोड़ी भी ओही नाप की भेजे!"

लोक हसले. मग सत्तार दादाकडे वळला आणि त्याचा आवाज बदलला. "दादा, आपन वाली चढ़ावा. आज सब लोग देखें."

आत घोडवंचीवर दादाची जीन होती, वर पांढरे फडके. घोडी दारात, पावसाळ्याने भरलेली, ज्या दिवसाची वाट पाहिली तोच दिवस. सगळे दादाकडे पाहू लागले. मीही. खरे तर मी आत जाऊन फडके काढलेसुद्धा.

दादाने बिजलीच्या मानेवर हात ठेवला. तिची कातडी थरथरत होती.

"आज नाही," तो माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला. "ही पाठ भरून तिच्यावर केस उगवेपर्यंत काही चढणार नाही. माझीही नाही." मग तिवारीजींना त्यांच्या भाषेत समजावले, कडुलिंबाच्या पाण्याने धुवा, हळद लावा, माशा बसू देऊ नका. पाठ भरली की घोडी इकडे आणा.

तिवारीजींनी मान डोलावली आणि विचारले, "और यह गद्दी?"

दादाने ती जीन मांडीवर घेतली, गादीची शिवण उसवली, पुढची भरती काढून मोकळी केली, पुन्हा शिवली. सणाच्या दिवशी, पूजेतली सुई उचलून.

"दुसऱ्याची जीन सुधारून देतोस?" मी न राहवून विचारले.

"जीन त्यांची. पाठ हिची."

तेव्हा हे वाक्य मला मोठे वाटले होते. आता तितके वाटत नाही. तत्त्वाला पोट नसते. आम्हाला होते.

घोडी आलीच नाही. पाठ भरली, थंडीत तिला रोज पळवले, ती उतरली आणि दादाने मोकळी केलेली परदेशी जीन तिला बरोबर बसली. कँटोनमेंटच्या मैदानावर शर्यती झाल्या, मुलीला फीत मिळाली. केदारबाबू ज्याला त्याला सांगत, "घर बैठे मँगाई, रत्ती भर फ़र्क़ नहीं." मी स्वतः ऐकले, बँकेत रांगेत उभा असताना. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी शिकायला बाहेर गेली आणि बिजली विकली गेली. दोरी तिच्याबरोबर जायला हवी म्हणून दादाने दोनदा निरोप पाठवला. कोणी आले नाही.

आमचे दुकान कॉम्प्युटरने बुडवले असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. तांगेवाल्यांकडे कुठला कॉम्प्युटर? दुकान बुडवले टेंपोने आणि नायलॉनने. कानपूरहून नायलॉनचे साज येऊ लागले, बक्कल सरकवले की कुठल्याही घोड्याला चालणारे. घोडा आणायचे काम नाही. मग घोडेच राहिले नाहीत. केदारबाबू आणि तांगेवाला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक, पण दोघांना एकच गोष्ट नको झाली होती: घोड्याला दारात आणून उभे करणे आणि त्याची पाठ पाहणे.

खुंट्या रिकाम्या होत गेल्या. ज्यांनी घोडे विकून टेंपो घेतले ते दोरी नव्या मालकाकडे न्यायला लाजत. "दादा, आप ही गंगाजी में छोड़ दीजिएगा," म्हणून रस्त्यावरूनच जात. सकाळी राजाघाटावर अंघोळीला जाताना दादाच्या सदऱ्याच्या खिशात एखादी दोरी असे. पायरीवर बसून तो सगळ्या गाठी सोडायचा आणि सरळ झालेली दोरी पाण्यात सोडायचा. घाटावरच्या एका गुरुजींनी विचारले, कोणाचे काय सोडता? दादा म्हणाला, "गिऱ्हाईक होतं."

गेल्या पौषात त्याच्या छातीत कफ धरला आणि तो गेला. फार दुखणे काढले नाही. त्याबद्दल मला इथे लिहायचे नाही. फक्त एक लिहितो. तिरडीचे सामान आणायला मी आणि सत्तार मियाँ गेलो. आपल्याकडे ती घरी बांधतात, इथे तयार मिळते. ओळीने उभ्या करून ठेवलेल्या होत्या. मी सवयीने म्हटले, माप सांगायला हवे ना? आणि माझ्या लक्षात आले की दादाची उंची मला ठाऊक नाही. दुकानदाराने समोरची पहिलीच उचलली. "नाप का, बाबू? सबके एक्के होला."

ती आखूड पडली. दादा उंच होता, पाय बाहेर राहिले. गल्ली उतरताना सत्तारने आपला गमछा काढून ते पाय झाकले आणि माझ्या कानाशी म्हणाला, "दादा रहतन त ई माल लौटाय देतन."

परवा तिवारीजी दुकानावर आले. आता ते एका नव्या हॉटेलाची सजावट पाहतात. खिशातून टेप काढून त्यांनी दादाची जीन लांबी-रुंदीला मोजली. स्वागतकक्षाच्या भिंतीवर लावायची म्हणाले, खाली पितळी पट्टी, त्यावर 'मराठा ज़ीन' असे लिहिलेले. किंमत चांगली देऊ केली. मग फडके बाजूला करून वाकून पाहिले.

"यह तो एक तरफ़ से खुली है. ऊन निकल रहा है. सुई भी लगी है. सिलवा दीजिए मास्टर साहब, दस मिनट का काम है."

"उसका नाप बाकी है," मी म्हणालो.

"किसका?"

भिंतीवर आता एकच दोरी आहे, टोकाला तांबूस केस. मी तिकडे पाहिले. त्यांनी पाहिले नाही.

"घोडी घेऊन या," मी म्हणालो, आणि ते मराठीत म्हणालो.

त्यांना ते समजले. काशीत इतकी वर्षे काढून एवढे मराठी सगळ्यांना समजते. ते हसले. "घोड़ी कहाँ से लाएँ? दीवार पर टाँगनी है."

"मग नाही," मी म्हणालो, आणि फडके पुन्हा घातले.